ज्यूरी नाकारली, आणि अपिलाची परवानगीही

ज्यूरी म्हटले की मराठी माणसाला दोन नावे आठवतात, टिळक आणि नानावटी. दोन्ही खटले मुंबईचे, दोन्ही फौजदारी. पण टिळकांचा आणखी एक खटला ज्यूरीपुढे चालला, तो दिवाणी होता आणि इथे लंडनमध्ये चालला, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात नसते. सर व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने १९१० साली ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक लिहून टिळकांवर नाही नाही ते आरोप केले. टिळकांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९ च्या जानेवारीअखेरीस तो न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे उभा राहिला. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन, आणि निकाल द्यायला ‘स्पेशल ज्यूरी’, म्हणजे मालमत्ता आणि हुद्दा पाहून निवडलेली मंडळी. त्या साली स्त्रियांना ज्यूरीत बसता येत नव्हते, म्हणजे सगळे पुरुषच. फेब्रुवारीत निकाल लागला. टिळक हरले आणि खर्चाचा डोंगर त्यांच्या डोक्यावर आला.

हा इतिहास डोक्यात असला की ज्यूरीबद्दल आपल्या मनात अढी असते. माझ्याही होती. त्यामुळे या देशात कोणी ‘मला ज्यूरीच हवी’ म्हणून वरच्या कोर्टापर्यंत भांडत जातो, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. कायद्याशी संबंध कंत्राटे वाचण्यापुरता. पण ही गंमत वाटता वाटता मी त्यात चांगलाच गुंतलो, कारण ज्यूरी नाकारण्याचे जे कारण दिले जाते ते थेट माझ्या व्यवसायाशी येऊन भिडते. कारण असे की, सामान्य माणसाला शास्त्रीय विषय कळत नाही.

आधी थोडा इतिहास. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या कॉमन लॉ कोर्टांत दिवाणी दावा म्हणजे ज्यूरी, हे ठरलेलेच होते. १८५४ च्या कायद्याने दोन्ही बाजू राजी असतील तर ज्यूरीवाचून खटला चालवण्याची मुभा दिली. पुढच्या नियमांनी ती वाट रुंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली म्हणून १९१८ साली दिवाणी ज्यूरीवर बंधने आली, पण अब्रुनुकसानी, फसवणूक अशा काही दाव्यांना त्यातून वगळले होते. म्हणूनच टिळकांना १९१९ साली ज्यूरी मिळाली. (मिळाली हे सुदैव की दुर्दैव, ते वाचकांनी ठरवावे.) मग १९३३ चा कायदा आला. अब्रुनुकसानी, खोटा खटला भरणे, बेकायदा अटक, वचनभंग अशा मोजक्या दाव्यांत पक्षकाराने मागितली तर ज्यूरी द्यायची, फसवणुकीचा आरोप असेल तर तीही मागण्याचा हक्क, आणि बाकी सगळे न्यायाधीशाच्या मर्जीवर.

या हक्काला एक शेपूटही होते. खटल्यात कागदपत्रांची किंवा हिशेबांची लांबलचक तपासणी करावी लागणार असेल, किंवा शास्त्रीय चौकशी करावी लागणार असेल, आणि ती ज्यूरीबरोबर ‘सोयीने’ करता येणार नसेल, तर हक्काच्या दाव्यातही ज्यूरी नाकारता येते. १९८१ च्या कायद्याच्या ६९ व्या कलमात हेच शेपूट जसेच्या तसे आले. सगळी ग्यानबाची मेख त्या ‘सोय’ या शब्दात आहे. सोय कोणाची, हे कायदा सांगत नाही.

न्यायाधीशाने ज्यूरी नाकारली तर? तर अपील. पण हा खटल्याचा निकाल नव्हे, वाटेतला हुकूम आहे, आणि वाटेतल्या हुकुमांवर अपील करायला आधी परवानगी काढावी लागते. ही अट अगदीच अन्यायाची नाही. प्रत्येक वळणावर अपील होऊ लागले तर श्रीमंत पक्षकार गरिबाला रस्त्यातच दमवून टाकील. खरी अडचण पुढची आहे. परवानगी मिळाली तरी वरचे कोर्ट ‘आम्ही असतो तर ज्यूरी दिली असती का’ हा प्रश्न विचारत नाही. खालच्या न्यायाधीशाने तत्त्वात चूक केली का, भलतीच गोष्ट विचारात घेतली का, किंवा निर्णय अगदीच अवाजवी आहे का, एवढेच पाहते. आमच्या भाषेत याला टॉलरन्स म्हणतात. कारखान्यात तपासनीस एखादा सुटा भाग नाकारतो तो मापाच्या मर्यादेबाहेर गेला म्हणून. आपण तो जरा वेगळा घडवला असता, एवढ्यावरून नाकारत नाही. ज्यूरीच्या बाबतीत ही मर्यादा फार सैल ठेवलेली आहे. १९३७ साली होप विरुद्ध ग्रेट वेस्टर्न रेल्वे या प्रकरणात अपील कोर्टाने सांगितले की न्यायाधीशाच्या या अधिकाराला कसलाच लगाम नाही.

मग १९६५ मध्ये वॉर्ड विरुद्ध जेम्स. वाहन अपघातात कायमचा लुळा झालेला लष्करातला माणूस भरपाई मागत होता आणि त्याला ज्यूरी मिळाली होती. प्रतिवादीने त्याविरुद्ध अपील केले तेही मुदत उलटून गेल्यावर. लॉर्ड डेनिंग आणि आणखी चार न्यायाधीश बसले. प्रतिवादीने उशीर केला म्हणून त्या एका माणसाची ज्यूरी त्यांनी राहू दिली, पण निकालपत्रात असे मार्गदर्शन घालून ठेवले की यापुढे इजेच्या दाव्यांत अपवादात्मक परिस्थिती असल्याशिवाय ज्यूरी देऊ नये. म्हणजे त्या गड्याने खटला जिंकला आणि त्याच्यामागून येणारे सगळे हरले. डेनिंगसाहेबांची कारणे मला पटतात, हे प्रामाणिकपणे सांगतो. सारख्याच इजेला एक ज्यूरी हजार देणार, दुसरी दहा हजार, आणि दोघीही का ते सांगणार नाहीत. अशा आकड्यांवर कोणाला आयुष्य उभे करता येईल? १९९१ साली एका जखमी सैनिकाला खालच्या न्यायाधीशाने दिलेली ज्यूरीही अपील कोर्टाने काढून घेतली, ती याच वाटेने.

अब्रुनुकसानी मात्र टिकून होती. तिथला प्रश्नच असा की, हे वाक्य वाचून सामान्य माणसाला काय वाटेल? ते सामान्य माणसालाच विचारावे, हे सरळ आहे.

आता ज्या खटल्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळतो. १९८६ साली ‘लंडन ग्रीनपीस’ नावाच्या एका छोट्या गटाने (प्रसिद्ध ग्रीनपीस संस्थेशी त्याचा संबंध नाही) मॅकडोनल्ड्सविरुद्ध एक पत्रक काढले. कंपनीचे अन्न आरोग्याला वाईट, कामगारांना पगार कमी, जाहिराती मुलांना भुलवणाऱ्या, जनावरांचे हाल, पर्जन्यवनांचा नाश, असे पुष्कळ काही त्यात होते. कंपनीने खासगी गुप्तहेर गटात घुसवले आणि १९९० च्या सप्टेंबरात पाच जणांवर दावा लावला. तिघांनी माफी मागून सुटका करून घेतली. हेलन स्टील आणि डेव्हिड मॉरिस हे दोघे अडून बसले. स्टील बारमध्ये अर्धवेळ काम करणारी, मॉरिस पूर्वी पोस्टात काम केलेला, एकट्याने लहान मुलगा वाढवणारा. अब्रुनुकसानीच्या दाव्याला सरकारी कायदेमदत मिळत नसे. वकील ठेवायला पैसे नव्हते, म्हणून दोघे स्वतःच उभे राहिले. काही वकिलांनी वेळोवेळी फुकट सल्ला दिला. त्यांत केअर स्टार्मर नावाचा तरुण बॅरिस्टर होता, जो २०२४ साली पंतप्रधान झाला.

इंग्लंडच्या अब्रुनुकसानीच्या कायद्यात लिहिलेले खरे आहे हे लिहिणाऱ्याने सिद्ध करायचे असते. म्हणजे आहार आणि कर्करोग यांचा संबंध, ब्राझीलची जंगले, कोंबड्या कशा मारतात, हे सगळे पुराव्यानिशी शाबीत करायची जबाबदारी या दोघांवर. समोर रिचर्ड रॅम्प्टन हे क्वीन्स कौन्सेल आणि त्यांची फौज.

कंपनीने अर्ज केला की ज्यूरी नको. विषय शास्त्रीय आहे, कागदपत्रे ढिगाने आहेत. डिसेंबर १९९३ मध्ये न्यायमूर्ती रॉजर बेल यांनी हा अर्ज मान्य केला. ती शास्त्रीय चौकशी ज्यूरीबरोबर सोयीने होण्यासारखी नाही, असे त्यांचे मत पडले. दोघांनी अपील केले. मार्च १९९४ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या कैफियतीतून बेल यांनी काढून टाकलेले भाग परत घातले, ही त्यांची मोठी जीत होती, पण ज्यूरीच्या बाबतीत बेल यांचाच हुकूम कायम केला. आता उरले हाउस ऑफ लॉर्ड्स. तिथे अपील दाखल करायलाच परवानगी लागत असे. लॉर्ड्सनी परवानगी नाकारली. झाले, दार बंद.

इथे मी थबकलो. नीट पाहा काय घडले ते. बारमध्ये काम करणारी बाई आणि पोस्टात काम केलेला माणूस यांनी कर्करोगतज्ज्ञांची उलटतपासणी करावी, आहारशास्त्राचे निबंध वाचून त्यातले आकडे कोर्टापुढे मांडावेत, यात कायद्याला काही वावगे वाटले नाही. ते त्यांना झेपेल, असे धरून चालले. पण त्यांच्यासारख्याच बारा माणसांनी तेच ऐकून मत द्यावे म्हटले की ते त्यांच्या आवाक्याबाहेरचे! वकिली करायची अक्कल आहे आणि ऐकायची नाही, हा कुठला हिशेब?

आणि त्यांना ते खरोखरच झेपले. जून १९९४ ते डिसेंबर १९९६, सुनावणीचे ३१३ दिवस. तोवरच्या इंग्लंडच्या इतिहासातला हा सर्वांत लांब खटला. १३० साक्षीदार तोंडी साक्षीला आले, कागदोपत्री पुरावा सुमारे ४०,००० पानांचा. एकदा प्रतिवादींनी कंपनीच्याच कर्करोगतज्ज्ञ साक्षीदाराला आहार आणि रोग यांच्या संबंधाविषयीचे एक वाक्य वाचून दाखवले आणि मत विचारले. लोकांसाठी लिहिले असेल तर अगदी रास्त आहे, असे तो म्हणाला. वाक्य त्या पत्रकातलेच होते. हा प्रसंग समजायला डॉक्टरेट लागते काय?

माझ्या स्वतःच्या डॉक्टरेटचा इथे एवढाच उपयोग की मला दुसरी बाजू ठाऊक आहे. आमच्या कामात वर्षातून चार-पाच वेळा तरी हिशेब खात्याच्या किंवा विक्री खात्याच्या माणसांपुढे उभे राहून एखादी प्रणाली का फसू शकते हे समजावून द्यावे लागते. त्यांना गणित येत नसते. पण ‘हा भाग बंद पडला तर काय होईल, आणि तुम्हाला ते कशावरून कळले’ हा प्रश्न ती माणसे हमखास विचारतात, आणि तोच प्रश्न खरा असतो. त्यांना कळले नाही, असे मला वाटते तेव्हा दहातल्या आठ वेळा माझे सांगणे कच्चे असते. उरलेल्या दोन वेळा विषयच अवघड असतो, हेही खरे, आणि अशा वेळी बारा जणांची मोट बांधून तीन-तीन वर्षे कोर्टात बसवणे हा त्यांच्या संसारावर अन्याय आहे. बेल यांच्या जागी मी असतो तर ३१३ दिवसांसाठी ज्यूरी दिली असती, असे छातीठोकपणे मला म्हणवत नाही. पण कारण देताना ‘एवढा वेळ लोकांना बसवणे शक्य नाही’ म्हणणे वेगळे आणि ‘लोकांना कळणार नाही’ म्हणणे वेगळे. पहिल्याने कोणाचा अपमान होत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला तेव्हा सरकार पक्षाने खास ज्यूरी मागितली. जोसेफ बॅप्टिस्टांनी विरोध केला: अशा ज्यूरीत युरोपियनांचाच भरणा होईल, आणि लेख मराठीत आहेत, तर मराठी जाणणारी माणसे हवीत. न्यायमूर्ती दावर यांनी सरकारची मागणी मान्य केली. ‘केसरी’तल्या लेखांचे भाषांतर ऐकून नऊ जणांनी मत दिले, सात विरुद्ध दोन, आणि टिळक मंडालेला गेले. मूळ मजकुराची भाषाच ज्यूरीतल्या बहुतेकांना येत नव्हती, पण ती ‘गैरसोय’ कोणाला खुपली नाही. त्याआधी १८९७ च्या शिक्षेवर प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागितली होती. टिळकांच्या वतीने बोलायला पुढे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ उभे होते. तीही नाकारली गेली. ज्यूरीला विषय झेपेल की नाही हा प्रश्न सोयीप्रमाणे विचारला जातो, हे मला इथे दिसते.

मॅकडोनल्ड्सचा निकाल १९ जून १९९७ रोजी लागला. बेल यांचे निकालपत्र साडेसातशेहून अधिक पानांचे. दोघे हरले, ६०,००० पौंड भरपाई बसली. पण त्याच निकालपत्रात असेही लिहिले गेले की कंपनी जाहिरातींतून मुलांचा फायदा घेते, काही जनावरांच्या क्रूर वागणुकीला ती जबाबदार आहे, आणि तिचे कमी पगार त्या धंद्यातले पगार खाली ओढायला हातभार लावतात. १९९९ मध्ये अपील कोर्टाने आणखी काही मुद्दे प्रतिवादींच्या बाजूने दिले आणि भरपाई ४०,००० वर आणली. १५ फेब्रुवारी २००५ रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ठरवले की कायदेमदत न दिल्याने या दोघांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही आणि त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाही भंग झाला.

आता उलटा विचार करा. ज्यूरी असती आणि ती त्यांच्या विरुद्ध गेली असती, तर मागे उरले असते एकच वाक्य. ना पगाराविषयी काही, ना मुलांविषयी. कारणे लिहिली गेली म्हणून अपिलात त्यांतला मुद्दा न् मुद्दा तपासता आला. टिळकांना १९१९ साली असे एक पानही मिळाले नाही. ज्यूरी नाकारल्याने स्टील आणि मॉरिस यांचे नुकसान झाले की फायदा, यावर मी बरेच डोके खाजवले, आणि माझे मत असे झाले आहे की बारा जणांपुढे ते जिंकण्याची शक्यता जास्त होती, पण हरले असते तर इतके सन्मानाने हरले नसते.

१९९७ चेच दुसरे उदाहरण याला छेद देते. जोनाथन एटकन या माजी मंत्र्याने ‘गार्डियन’वर अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्यात ज्यूरी हवी होती वृत्तपत्राला. न्यायाधीशाने नाकारली, अपील कोर्टाने ते कायम केले. म्हणजे बलिष्ठ वृत्तपत्रही त्याच दारावर आपटून परत आले. पुढे खटला चालू असतानाच विमानप्रवासाचे कागद सापडले, एटकन यांचे खोटे उघडे पडले, दावा कोसळला, आणि १९९९ मध्ये ते खोट्या साक्षीबद्दल तुरुंगात गेले. ज्यूरी नव्हती म्हणून काही अडले नाही.

तरीही मला टोचते ते हे की, दिवाणी ज्यूरीची ही रजा पार्लमेंटमध्ये एखाद्या मोठ्या चर्चेने झाली नाही. नाकारलेले अर्ज, फेटाळलेली अपिले आणि न दिलेल्या परवानग्या यांनी ती थोडी थोडी झाली. १७९१ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत वीस डॉलरवरच्या दिवाणी दाव्याला ज्यूरीचा हक्क दिला, आणि तो नाकारला तर वरचे कोर्ट खालच्याला थेट हुकूम देऊ शकते. १९५९ च्या बीकन थिएटर्स खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने तेच केले. तिथे ज्यूरी नाकारणाऱ्याला कारण द्यावे लागते, इथे मागणाऱ्याला.

२०१३ च्या कायद्याने अब्रुनुकसानीतला हक्कही गेला. नियम झाला ज्यूरीविना खटल्याचा, आणि ज्यूरी हवी तर कोर्टाने वेगळा हुकूम द्यायचा. पुढच्याच वर्षी टिम यो या खासदाराने टाइम्स न्यूजपेपर्सवर लावलेल्या दाव्यात न्यायमूर्ती वॉर्बी यांच्याकडे तसा अर्ज झाला. तो त्यांनी फेटाळला. कारणे लिहून देणारा न्यायाधीश बरा, हा त्यांच्या विचाराचा एक भाग होता.

आपल्या मंडळींसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. इंग्लंडमध्ये फौजदारी ज्यूरीसाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. भारतीय नागरिकही मतदार यादीत असेल, वय १८ ते ७५ असेल आणि इथे पाच वर्षे राहिला असेल तर त्याला बोलावणे येऊ शकते. मला आले होते. आतले बोलणे बाहेर सांगणे गुन्हा आहे, म्हणून एवढेच लिहितो की शेजारी बसलेल्यांपैकी कोणीही मला अडाणी वाटला नाही. दुसरी गोष्ट अशी की ६९ वे कलम पुरते मेलेले नाही. फसवणूक, खोटा खटला आणि बेकायदा अटक या तीन दाव्यांत ज्यूरी मागण्याचा हक्क अजून आहे, म्हणून पोलिसांविरुद्धच्या दिवाणी दाव्यांत ती कधीकधी बसते. अर्ज मात्र प्रतिवादीची कैफियत हाती पडल्यापासून २८ दिवसांत करावा लागतो. नाकारला तर अपिलाची परवानगी त्याच न्यायाधीशाकडे मागता येते किंवा वरच्या कोर्टाकडे, आणि वरच्या कोर्टासाठी एरवी मुदत २१ दिवसांची. यश येण्याची खरीखुरी शक्यता आहे, किंवा अपील ऐकण्यासारखे दुसरे सबळ कारण आहे, हे दाखवावे लागते. लॉर्ड्सची ती खोली आता नाही, २००९ पासून तिचे काम सुप्रीम कोर्ट करते. परवानगी मात्र तिथेही लागतेच.